हुरडा आमच्याच गावाला

२ डिसेंबर १९९९, गुरुवार. कंपनीची सुट्टी.
आजपासून रोज लिहिणार. वही म्हणजे स्टोअरमधलं जुनं रजिस्टर. पुढची पानं नटबोल्टांनी भरलेली, मागची कोरी. ही चोरी होत नाही. रद्दीतच जाणार होतं.
संकल्प तीन. पहाटे पाचला उठणं. तंबाखू बंद. नवनाथचा विचार करायचा नाही.
पहिला उद्यापासून. दुसरा ही पुडी संपली की. तिसरा आत्तापासून.

३ डिसेंबर.
पाचला उठलो नाही. थंडी फार.
नवनाथबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. नवनाथ माझा साडू. राजश्रीची धाकटी बहीण दीक्षा, तिचा नवरा. गाव कासुर्डी, तालुका दौंड. पाच वर्षांपूर्वी सणसवाडीच्या या कंपनीत त्याला मीच चिकटवला. मी सीनियर, तो ज्युनियर. मी रजिस्टर लिहितो, तेच तो कॉम्प्युटरवर टाकतो. आता कुणाला बेअरिंग हवं असलं की आधी त्याच्या कॉम्प्युटरकडे जातात. माझ्याकडे पेन मागायला येतात.
मला त्याचं काहीच वाटत नाही. झालं लिहून. विषय संपला.

८ डिसेंबर.
विषय संपला होता, पण एक राहिलं. परवा सहा डिसेंबर. मला रजा मिळाली नाही, नवनाथला मिळाली. दादरहून येताना त्याने आमच्यासाठी बाबासाहेबांचा मोठा फोटो आणला, फ्रेमसकट. राजश्रीने समोरच्या भिंतीवर लावला आणि येईल त्याला सांगते, नवनाथरावांनी आणला. फोटो बाबासाहेबांचा आहे, त्यामुळे मला काही बोलता येत नाही. खिळा मी ठोकला, हे मात्र कुणी सांगत नाही.

१० डिसेंबर, शुक्रवार.
आज इतिहास घडला.
चहाच्या सुट्टीत वाळिंबे साहेबांनी अख्ख्या डिपार्टमेंटला बोलावलं. आम्ही अकरा जण. साहेब म्हणाले, मागच्या वर्षी वॉटर पार्कला गेलो आणि माझी मान धरली ती होळीपर्यंत. या वर्षी खेड्यात जाऊ. एखाद्या शेतात बसू, हुरडा खाऊ, झाडाखाली पडू. कोणाचं गाव आहे जवळपास?
नवनाथ हळूच म्हणाला, आमच्या कासुर्डीला या की सायेब, यवतजवळच हाय. त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, कासुर्डीत काय ठेवलंय साहेब, आमचं वडगाव रासाई बघा, थेट भीमेच्या काठावर. मळा आहे, होडी आहे, हुरडा तर असा की बोटं चाटाल.
साहेब खूश. म्हणाले, वा, दोन प्रपोजल! दोघांनी लिहून आणा, मग मतदान घेऊ.
नवनाथ माझ्याकडे बघून हसला. मला त्याचं हसणं ओळखू येतं. आतून हादरलाय.

११ डिसेंबर.
राजश्रीला सांगितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने पहिला प्रश्न विचारला, दादांना इचारलंत का? चार वर्सं तुमी घराची पायरी चढला न्हाई, आन् आता बाराजण घिऊन जाणार व्हय?
बारा नाही, अकरा. हिशोब तरी नीट करावा.
दादाचं प्रकरण कुणाला पटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. दादा माझा थोरला भाऊ, गावाकडे शेती तोच बघतो. चार वर्षांपूर्वी पुतणीचं लग्न झालं. मांडवात पाहुण्यांना फेटे बांधले. नवनाथला बांधला. गुलाबी. माझ्याच घरच्या लग्नात माझ्या साडूच्या डोक्यावर फेटा, आणि मी बोडका, हातात बुंदीची बादली. दादाला विचारलं तर म्हणाला, आरं तू घरचा हायस, घरच्याला कुनी फेटा बांधतं का?
घरचा म्हणजे कोण? ज्याच्याकडून फुकट वाढप करून घेता येतं तो. त्या दिवसापासून मी वडगावला गेलो नाही. दादाने आधी बोलवावं. त्याने दोनदा बोलावलं, पण मनापासून नाही.
आता मात्र साहेबांना घेऊन जाणार. जीप नाही, टेम्पो ट्रॅव्हलर. दादाने बघावं, धाकटा भाऊ कोण झालाय ते.
दादाला पत्र लिहायला घेतलं. 'ती. दादास' इथपर्यंत झालं. मग जेवायला हाक आली.

१५ डिसेंबर.
प्रपोजल तयार. तीन पानं, मार्जिन आखून. निःपक्षपाती तुलना केली आहे. नदी, वडगाव: आहे. कासुर्डी: नाही. शांतता, वडगाव: भरपूर. कासुर्डी: सोलापूर हायवेचे ट्रक. हवा, वडगाव: नदीवरची, गार. कासुर्डी: डिझेलची. इतिहास, वडगाव: पुष्कळ (माहिती काढायची आहे). यजमान, वडगाव: अनुभवी. कासुर्डी: होतकरू.
होतकरू लिहिताना मन मोठं करावं लागलं. पण केलं.

१८ डिसेंबर.
प्रपोजल वाचलं. दुसऱ्या पानावर असताना चहा आला, त्यामुळे तिसरं राहिलं. महत्त्वाचं सगळं तिसऱ्यावर होतं.
नवनाथने कागदच आणला नव्हता. म्हणाला, काय न्हाई सायेब, गुळभेंडी ज्वारीचा हुरडा हाय, चिंचेची सावली हाय, आई भाकरी करंल. या सगळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाकरीला टाळ्या! भाकरी काय, ज्याच्या त्याच्या घरी होते.

२१ डिसेंबर.
प्रचार केला. हा प्रचार नाही, माहिती देणं आहे. फोर्कलिफ्टवाल्या यादवला सांगितलं, होडीत बसवतो. तो म्हणाला, तैरना नहीं आता. म्हटलं, होडीत पोहायचं नसतं. पॅकिंगच्या दोघांना मासे कबूल केले. शिपाई मामांना सांगितलं, कासुर्डीला हायवे ओलांडावा लागतो, तुमचे गुडघे बघा. मामा घाबरले. मला वाईट वाटलं, पण मत पक्कं झालं.

२२ डिसेंबर.
जिंकलो!!
बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. साहेबांनी मोजल्या. वडगाव सहा, कासुर्डी पाच. तारीख वीस जानेवारी, गुरुवार.
नवनाथने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, लई बरं झालं भाऊ. हरल्यावर इतकं गोड बोलणारा माणूस धोकादायक. येताना एक किलो जिलेबी घेतली. राजश्रीने अर्धी दीक्षाकडे पाठवली. माझ्या विजयाची जिलेबी त्याच्या घरात!

३१ डिसेंबर.
साल दोन हजार होणार, कॉम्प्युटर बिघडतील म्हणतात. साहेबांनी नवनाथला ड्युटीवर थांबवलं. मला नाही. माझ्या रजिस्टरला दोन हजार सालाची कसलीच भीती नाही. हे साहेबांच्या लक्षात आणून दिलं. साहेब म्हणाले, हो, ते आहेच.

१ जानेवारी २०००.
रजिस्टर ठणठणीत. कॉम्प्युटरही ठणठणीत. असो.
सासरची सगळी मंडळी कोरेगावला स्तंभाला आली होती. सकाळी मानवंदना झाली, गर्दी अफाट, ऊन छान. आमची खोली जवळ, नवनाथची दोन गल्ल्या पलीकडे. तरी जेवणं त्याच्याकडे. म्हणे त्याच्या दारात मोकळी जागा आहे. राजश्रीसुद्धा सकाळपासून तिकडेच भाकऱ्या थापत होती.
पंगतीत सासऱ्यांना सहलीचं सांगितलं. आबा घास तसाच धरून म्हणाले, वडगावाला हुरडा? आवं, तिकडं तर समदा ऊस झालाय. ज्वारी हाय कुठं?
आबांचं वय झालं. मी हसून सोडून दिलं. नवनाथ तेव्हा ताटात खाली बघत होता.

६ जानेवारी, गुरुवार.
आबांचं वय झालेलं नाही.
सकाळच्या एसटीने वडगावला गेलो. फक्त पाहणी करायला, घरी नाही. घरी गेलो असतो तर मी नमलो असं झालं असतं. फाट्यावर उतरलो आणि बांधाच्या बाजूने ज्वारीचं रान बघायला निघालो. लहानपणी ज्या रानात आम्ही दोघं भाऊ गोफण घेऊन पाखरं हाकायचो, ते.
ऊस. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला ऊस. समोर ऊस, माझ्यापेक्षा उंच. नदीपर्यंत ऊस. कणीस औषधालासुद्धा नाही.
बांधावर एक म्हातारा शेळ्या चारत होता, तात्याबा. मी त्याला ओळखलं, त्याने मला नाही. विचारलं, ज्वारी कुठं गेली? तो म्हणाला, आरं पानी आल्यावर ज्वारी कोन करतंय? तीन वर्सं झाली. मग डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाला, तुमी कुनाकडं आलायसा, पाव्हनं?
मी म्हटलं, कुणाकडे नाही. आणि परतीची एसटी धरली.
तीन वर्षं झाली आणि मला कुणी कळवलंही नाही. दादाचं हे वागणं बरोबर नाही.

९ जानेवारी.
परिस्थिती अशी. गाव माझं, पार्टी माझी, हुरडा नाही. राजश्री म्हणते, नवनाथरावांना सांगा, त्यांच्याकडं मोप हाय. मी तिला बजावलं, जीव गेला तरी नाही. ती म्हणाली, जीव कशाला जातुय, हुरडाच तर हाय.
बाईमाणसाला यातलं राजकारण कळत नाही.
योजना: गुरुवारी यवतच्या बाजाराला जायचं, अनोळखी माणसाकडून कणसं ठरवायची. कुणाला पत्ता लागणार नाही. दादाच्या पत्रात आज एक ओळ वाढवली, 'आपण सर्व खुशाल असाल.' टाकलं नाही. घाईत पत्र लिहू नये.

१३ जानेवारी, गुरुवार.
आजचं सगळं लिहून काढतो.
माकडटोपी घालून यवतला गेलो. बाजार पालथा घातला. कांदे, मेथी, कोंबड्या, सगळं आहे. हुरड्याची कणसं नाहीत. एक भाजीवाली हसायला लागली. म्हणाली, हुरडा बाजारात घेत्यात व्हय? रानात जाऊन खात्यात. गुळभेंडी पायजे आसंल तर कासुर्डीला सिंधूबाईकडं जावा, वरल्या अंगाला रान हाय तिचं.
सिंधूबाई म्हणजे नवनाथची आई.
परत फिरणार होतो. पण एवढ्या लांब आलोय, नुसतं लांबून बघावं, असा विचार केला. बांधावर पोचलो तर म्हातारी समोरच उभी. एकदा बघितलं आणि म्हणाली, साहेबराव, टोपी काढा आदी. घामानं डबडबलायसा.
बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, सहज आलो होतो. ती म्हणाली, व्हय तर, सहजच. मग मला रानात घेऊन गेली. कोपऱ्यातल्या सहा सऱ्यांना लाल चिंधी बांधलेली. म्हणाली, ह्ये तुमच्या पार्टीचं. नवनाथनं राखून ठिवलंय, आमाला हात लावू देत न्हाई. परवा तुमच्या दादाकडं जाऊन आला, हुरड्याची आगटी कुठं खनायची त्ये बी ठरवून आलाय.
म्हणजे याला पहिल्यापासून सगळं माहीत! वडगावला ज्वारी नाही, हे जगाला माहीत आणि मला नाही. माझ्या गावात माझ्या आधी जाऊन आला. माझ्या भावाशी बोलून आला. बोलला मात्र कुणाकडे नाही, साहेबांपुढे नाही, माझ्यापुढे नाही. किती खोल माणूस! मला आज खरं लिहायचं आहे: मी जळतो त्याच्यावर. तो वाईट असता तर किती बरं झालं असतं.
म्हातारीने येताना पावशेर तीळ बांधून दिले. घेतले.

१७ जानेवारी.
संकल्प: मोठं मन ठेवायचं. नवनाथ हुरडा आणतोय तर आणू द्यावा. शेवटी कार्यक्रम वडगावचा, नाव माझं. माल बाहेरून मागवला तरी कंपनी मालकाचीच असते.
दादाला पत्र आता टाकून उपयोग नाही, वेळेत पोचणार नाही. माझ्या हातून उशीर झाला असं नाही. पोस्टाचाच भरवसा नाही.

२० जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी सात.
आत्ताच आलो. क्रमाने लिहितो.
टेम्पो ट्रॅव्हलर उसाच्या ट्रॅक्टरमागे सव्वा तास. एकामागून एक चार. साहेबांना मी सांगितलं, ही ग्रामीण जीवनाची गती. साहेब म्हणाले, मान धरतेय.
नदी. नदीवर जलपर्णी. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार. साहेब म्हणाले, काय सुंदर लॉन आहे! आणि पाय टाकायला निघाले. मी मागून कॉलर धरली. साहेबांची कॉलर धरणारा स्टोअरमधला मी पहिलाच. होडी होती, पण अर्धी जलपर्णीत, अर्धी चिखलात. यादव म्हणाला, अच्छा हुआ, तैरना नहीं आता.
मग घर. चार वर्षांनी. दारातला कडुनिंब तसाच. दादाचे केस पांढरे झालेत. मी ठरवलं होतं, तो काय बोलतो बघू, मग आपण बोलू. दादाने जय भीम घातला, साहेबांना आधी, मग एकेकाला, मग मला. हात दोन्ही जोडून. म्हणाला, या, बसा.
या. बसा. मला. आयुष्यभर मला साहेब्या म्हणणारा माणूस.
निंबाखाली सतरंज्या. राजश्री कालच एसटीने वहिनीच्या मदतीला आलेली, ती चुलीपाशी. पलीकडे आगटी पेटलेली, खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि काठावर उकिडवा बसून नवनाथ कणसं भाजत होता. तो पहाटेच कासुर्डीहून पोती घेऊन आला होता. तोंडाला राख. तळव्यात गरम कणीस चोळायचा, फुंकर मारून पाखडायचा आणि पुढे करायचा. हिरवे, मऊ, गोड दाणे. साहेबांनी डोळे मिटले. कुशावहिनीची लसणाची चटणी, वांग्याचं भरीत, गूळ, ताक. साहेब म्हणाले, साहेबराव, तुमच्या गावच्या हुरड्याला तोड नाही. मी म्हणालो, आमच्या मातीचाच गुण आहे. नवनाथने दुसरं कणीस विस्तवात सरकवलं.
मला वहिनीला हातभार लावायचा होता, पाटी उचलायला. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या भावजी, तुमी बसा निवांत. पूर्वी म्हणायची, आवं नुसतं काय बसलायसा, आडाचं पानी वढा.
जेवणानंतर दादाने घरातून फेटे आणले. गुलाबी. साहेबांना बांधला, टाळ्या. यादवला, मामांना, पॅकिंगच्या दोघांना. माझा जीव वर-खाली. शेवटी दादा माझ्यासमोर आला. म्हणाला, आमचं साहेबराव चार वर्सांनी आल्यात, मोठ्या सायेबास्नी घिऊन आल्यात. मान जरा खाली करा. आणि माझ्या डोक्याला फेटा बांधला. कडक, नीट, शेमला पाठीवर सोडून. त्याच्या बोटांना उसाचा चिकट वास होता.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फेटा मिळाला.
साहेब म्हणाले, एक राहिला की, नवनाथला बांधा. तर वहिनी चुलीपासूनच म्हणाली, त्येला कशाला फेटा? त्यो घरचा हाय.
नवनाथ हसला आणि ताकाची चरवी उचलून वाढायला निघाला. मी फेटा घालून सतरंजीवर बसून राहिलो. त्याने मलाही ताक वाढलं. मी घेतलं.

२१ जानेवारी.
काल एक लिहायचं राहिलं. खरं तर टाळलं.
परत येताना गाडीत साहेब म्हणाले, मतदानाच्या चिठ्ठ्या मोजताना मला गंमत वाटली होती. नवनाथ, अक्षर तुझं, आणि मत वडगावला! स्वतःच्या गावाला का नाही दिलंस? नवनाथ मागच्या सीटवर पेंगत होता. डोळे चोळत म्हणाला, भाऊ लई दिस गावाकडं गेलं न्हवतं सायेब.
मी खिडकीबाहेर ऊस बघत होतो.
म्हणजे खरी मोजणी पाच-सहा. हरलोच होतो.

२३ जानेवारी.
फेटा सोडला नाही. भांड्यांच्या फळीवर तसाच ठेवलाय. राजश्रीने आज विचारलं, कपाटात ठिवू का? हौस फिटली न्हवं? म्हटलं, राहू दे. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, दादांनी येताना मला ऊस दिला बांधून, आन् इचारलं, साहेब्या अजून तंबाखू खातो का. तुमच्यापुढं न्हाई इचारलं. माज्यापुढं इचारलं.
पहाटे पाचला उठलो. संकल्प म्हणून नाही, झोपच लागली नव्हती. दादाला पत्र लिहायला बसलो. 'ती. दादास. मी घरचाच आहे. पुढच्या गुरुवारी एकटा येतो, फेटा नको. आडाचं पाणी ओढीन.' एवढंच लिहिलं, आणि या वेळी पूर्ण केलं. घडी घातली. पत्ता घातला: मु. पो. वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे.
पिनकोड आठवेना. राजश्रीला विचारला, तिला माहीत नाही. कंपनीच्या फॉर्मवर बघू म्हटलं, तिथे मी खोलीचा पत्ता दिलाय.
उद्या नवनाथला विचारावा लागेल.